गदा, गरनाल आणि अडथळ्यांची शर्यत

अठराव्या शतकात राजा बलवंत सिंहाने बांधलेला रामनगरचा किल्ला मागे टाकून गंगा ओलांडली की बनारसचे आखाडे लागतात. अडथळ्यांच्या शर्यतीला हवी मनगटाची पकड आणि ओझं पेलण्याचा दम. इथे त्यासाठी जोडी (दोन मुद्गल), गदा, गरनाल. गदा म्हणजे बांबूच्या टोकाला गोल दगड, पाठीमागून झुलवत खांद्यावर आणायचा. गरनाल हे दगडी कडं गळ्यात घालून बैठका मारायच्या. (जिमवाल्यांनी दहा मारून दाखवाव्यात!) तुळशी घाटावरच्या स्वामीनाथ आखाड्यात नागपंचमीला कुस्त्या रंगतात. कसरतीवरून आठवते काशीतच, म्हणजे बनारसलाच, जन्मलेली मनकर्णिका तांबे, पुढची झाशीची राणी, वाढली मात्र बिठूरला. १८१८नंतर तिथे राहिलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयात ती घोडा, तलवार शिकली, मल्लखांबही.