ढोरगुंजेचं नवं बारसं

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा बाजार हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. त्याच मिरचीच्या भावकीतलं एक झुडूप मराठवाड्यात बांधाच्या कडेला, पडक्या भिंतीशी, उकिरड्याजवळ आपोआप उगवतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. उंची कमरेएवढी, पानं राखट, अंगावर बारीक लव. ढोरं तोंड लावत नाहीत. कागदासारखं फुगीर टरफल सोललं की आत गुंजेसारखं लाल फळ निघतं. लहानपणी बांधावर चिरबोट्या खाल्लेल्यांचा हात सहज पुढे जाईल, पण हे फळ खायचं नसतं. गावात हिला ढोरगुंज म्हणतात, कोणी आस्कंद. औषधांच्या दुकानात ती अश्वगंधा होते आणि डबीवर इंग्रजी छापलेलं असेल तर ‘इंडियन जिनसेंग’.

या शेवटच्या नावात खरेपणापेक्षा विक्रीची हुशारी जास्त. जिनसेंग ही चिनी वैद्यकातली बलवर्धक मुळ्यांची राणी. ती मूळची ईशान्य चीन आणि कोरियाच्या गार डोंगरांतली. तिला झाडांची सावली लागते आणि मूळ कामाला यायला पाच-सहा वर्षं जातात. चिनी भाषेत तिला रेनशेन म्हणतात. रेन म्हणजे माणूस, कारण फाटे फुटलेली मुळी हातपाय पसरलेल्या माणसासारखी दिसते. ढोरगुंजेचं कूळ वेगळं, वांगी-टोमॅटोचं. तिला ऊन लागतं आणि पाच-सहा महिन्यांत तिचं काम आटोपतं. नातं असेल तर ते वैद्यांनी जोडलेलं. अशक्त, झिजलेल्या माणसाला दोन्हीकडे मूळच दिलं गेलं. चरकसंहितेत अश्वगंधा ताकद देणाऱ्या ‘बल्य’ आणि अंग भरणाऱ्या ‘बृंहणीय’ अशा दोन्ही गणांत आहे.

ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून आपल्याकडे अश्वगंधा. लिनियसने १७५३ साली हिला शास्त्रीय नाव देताना मात्र ‘सोम्निफेरा’, म्हणजे झोप आणणारी, असा शब्द निवडला. एकाला घोडा आठवला, दुसऱ्याला झोप!

जालन्याला वांगी-टोमॅटोचं हे कूळ नवं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या गावाला बियाण्यांची राजधानी ही दुसरी ओळख मिळाली. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या बीटी वांग्यावरून देशभर वाद पेटला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने स्थगिती दिली, ते वांगंही महिकोचंच. म्हणजे या कुळातल्या एका भावाची फाइल दिल्लीपर्यंत गेली आणि बहीण बांधावरच राहिली.

ती शेतात आणायची तर पहिली अडचण जमिनीची. कपाशीला मानवणारी भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. तिच्यात मूळ कुजतं, वाचलंच तर उपटताना तुटतं. अश्वगंधेला हलकी, निचऱ्याची जमीन हवी. पावसाचा जोर ओसरला की ऑगस्ट-सप्टेंबरात हेक्टरी दहा-बारा किलो बी फोकून पेरतात. दीडशे ते एकशेऐंशी दिवसांनी पानं वाळतात, फळं लाल होतात आणि खणायची वेळ येते. हेक्टरी साधारण तीन ते पाच क्विंटल वाळलेली मुळी मिळते. आकडा लहान वाटतो, पण खर्चही बेताचाच.

तरी औषधी पिकाचं नाव काढलं की महाराष्ट्रातला शेतकरी सावध होतो, आणि त्याचं चुकत नाही. दोन हजार सालानंतरच्या वर्षांत सफेद मुसळीचं असंच वेड पसरलं होतं. ‘माल आम्हीच घेऊ’ म्हणत महागडी रोपं विकली गेली आणि माल तयार झाला तेव्हा घेणारे दिसेनासे झाले. आधी गिऱ्हाईक आणि मग पेरणी, हा क्रम तेव्हा अनेकांना पैसे मोजून कळला.

मुळीत खरंच दम आहे का? आहे, पण जाहिरातीएवढा सिद्ध झालेला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत तणावाखालच्या ६४ जणांपैकी काहींना साठ दिवस मुळीचा अर्क आणि बाकीच्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल जास्त उतरलं. चौसष्ट माणसं म्हणजे एका लग्नाची पंगतही नव्हे. उलट बाजूही आहे. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेले पाच रुग्ण नोंदवले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गरोदरपणात ती टाळावी, थायरॉइडची किंवा यकृताची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्यात अर्कात भेसळही होते, ती पानांची. मूळ खणायला मजूर लागतात, पानं फुकटात ओरबाडता येतात. त्यामुळे ती मिसळायचा मोह होतो. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका, परंपरेने वापरलं जातं ते मूळ.

अख्खी मुळी मात्र सहज खोटं बोलू देत नाही. मध्य प्रदेशातली नीमच मंडी हा तिचा मोठा बाजार. तिथे पोहोचण्याआधी मुळ्या उन्हात वाळवून बडवतात, म्हणजे माती आणि बारीक तंतू झडतात. जाडीवरून आणि मोडीवरून प्रत ठरते. बोटाएवढी जाड मुळी कट्‌कन मोडली आणि आत पिठासारखी पांढरी निघाली तर पहिली प्रत. बारीक, पोकळ, पिवळसर असेल तर शेवटची.

झाडावरची लाल फळं खुडून वेगळी वाळवतात, कारण पुढच्या वर्षीचं बी तेच. ‘पोषिता’, ‘जवाहर असगंध-२०’ असे सुधारित वाण आहेत, पण ते सरळ वाण, संकरित नव्हेत. बियाण्यांच्या राजधानीत राहूनही दर हंगामाला नवं पाकीट फोडावं लागू नये, असं हे पीक.