मागाचा माग काढताना

'जालना सोने का पालना' ही म्हण ठाऊक नाही असा माणूस मराठवाड्यात विरळा. आजचा जालनेकर या सोन्याचा अर्थ पोलादाच्या कारखान्यांत, बियाण्यांच्या कंपन्यांत किंवा मोसंबीच्या बाजारात शोधतो. पण गावाचे नाव कुठून आले, असे विचारले तर जुन्या गॅझेटियरात नोंदलेली एक आख्यायिका पुढे येते. पूर्वी या गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका धनवान मुसलमान व्यापाऱ्याने गावावर पुष्कळ उपकार केले. तो जातीने जुलाहा, म्हणजे विणकर. त्याच्यावरून गाव झाले जालना.

आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. राजाचे नाव गावाला मिळणे नवलाचे नाही. पण आपले गाव एका विणकराच्या नावाचे, असे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगावेसे वाटले, ही गोष्ट साधी नाही. मग तो विणकर गेला कुठे? त्याचा माग कुठे आहे? आणि त्या मागाला सूत कोण पुरवीत होते?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला थोडे मागे, जवळपास दोन हजार वर्षे मागे जावे लागते. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे सातवाहन काळातले भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. इतक्या दूर जाऊन दगडावर नाव कोरून घेण्याइतकी ऐपत या गावाला होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिची जवळची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली होती.

त्याच काळातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेले 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचे टिपण प्रसिद्ध आहे. पैठण आणि तेर इथून माल गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात येतो, असे त्यात नोंदले आहे. तेरच्या मालात साधे कापड आहे आणि तलम मलमलही आहे. हे कापड पुढे कुठवर जाई? इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचे एक जुने बंदर आहे. तिथल्या वाळूत सुती कापडाचे तुकडे मिळाले. ते भारतातले, हे ओळखायला अभ्यासकांना सुताच्या पिळाची मदत झाली. इजिप्तमधले हात सुताला एका बाजूने पीळ देत, आपल्याकडचे हात उलट बाजूने. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईच्या बोटांनी दिलेला तो पीळ अजून सुटलेला नाही!

मध्ययुगातही हा मुलूख व्यापाराचाच राहिला. पैठणची पैठणी आणि औरंगाबादचे हिमरू यांची कीर्ती दूरवर होती. जालन्याची पेठ भरलेली होती. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या मोठ्या मोहिमेत जालनापूर गाठले, ते काही उगाच नव्हे. ओसाड गावावर कुणी स्वारी करीत नाही.

मग चक्र उलटे कधी फिरले? जालना जिल्ह्यातल्या शाळकरी मुलाला विचारा, तो असईच्या लढाईचे नाव घेईल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. या पराभवाला तारीख आहे, सेनापती आहेत, नकाशे आहेत. दुसऱ्या एका पराभवाला मात्र यांतले काहीच नाही. तो झाला घराघरांतल्या चरख्यांचा.

त्याची पूर्वतयारी फार आधीपासून चालली होती. आपल्या छिटांनी इंग्लंडातल्या बायकांना असे वेड लावले की तिथल्या विणकरांनी ओरड केली, आणि १७०० व १७२१ मध्ये कायदे करून भारतीय छापील कापडाला बंदी घालावी लागली. त्या संरक्षणाच्या आडोशाला तिथे यंत्रे वाढली. एकोणिसाव्या शतकात त्याच यंत्रांचे सूत आणि कापड इकडे येऊ लागले. जालना निजामाच्या राज्यात होते, तिथे गोऱ्या साहेबाचा थेट अंमल नव्हता. पण बाजाराला सरहद्द कुठली? राज्य हैदराबादचे आणि भाव मँचेस्टरचा, अशी स्थिती झाली.

शेजारचा वऱ्हाड तर १८५३ मध्येच इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. खामगावच्या कापूसबाजारापर्यंत १८७० मध्ये आगगाडी आली. वऱ्हाड-मध्य प्रांताचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक याने तर मनातले उघडच लिहून ठेवले. रेल्वेने स्वस्त विलायती कापड आत येईल, विणकराचा धंदा बसेल आणि तो शेतीच्या कामाला मोकळा होईल, अशी त्याची अपेक्षा होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाची रेल्वे जालन्यातून धावू लागली. ज्या वाटांनी पूर्वी कापड बाहेर जाई, त्या वाटांनी आता रुईच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. विलायती कापडाने विणकर रातोरात नाहीसा केला, असे आपण ऐकत आलो. तसे घडले नाही. गिरणीचे सूत मिळाल्यावर पुष्कळ साळी, कोष्टी, मोमीन तेच सूत मागावर चढवून तग धरून राहिले. सोलापूर, मालेगाव, इचलकरंजी ही गावे पुढे मागांवरच वाढली. सर्वांत आधी आणि पुरती हरली ती सूत कातणारी. एका मागाचे पोट भरायला कितीतरी चरखे लागत. ते चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. घरचे आवरून, लेकरू मांडीवर घेऊन त्या कातीत. निराधार विधवेला, म्हाताऱ्या सासूला चार पैसे स्वतःच्या हाताचे मिळण्याचा तो मार्ग होता. गिरणीच्या सुताने तो बंद झाला. विणकरांची दैना जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडली. कातणारीची दैना तिच्या उंबऱ्याच्या आतच राहिली.

तिचा शोध कसा घ्यायचा? जकातीच्या कागदांत गठ्ठे मोजलेले असतात, बोटे नव्हेत. लंडनच्या दप्तरखान्यात साहेबांची पत्रे आहेत, हैदराबादच्या दप्तरात फारसी-उर्दू कागद आहेत. सेतुमाधवराव पगडींसारख्या विद्वानांनी फारसी साधने मराठीत आणून आपल्यावर मोठे ऋण केले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल उतरवीत. पण या बाईसाठी माळ्याबरोबर माजघरातही शिरावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लुगडे कुणी घेतले, चोळी कुठल्या बाजारची, भावाने काय आणले, हे सारे बायकांनी ओव्यांत गायिले आहे. व्यापाराचा हाही दस्तऐवजच!

अशा शोधाला पदवी लागत नाही. आपल्या घरी पणजीचे लुगडे असेल तर त्याची गोधडी होण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. सूत एकसारखे आहे की जाडबारीक? एकसारखे असेल तर बहुधा गिरणीचे, कमीजास्त असेल तर कदाचित हातचे. काठ कसा आहे, ते लुगडे कुठल्या लग्नातले, कुणी विणले वा विकले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद लुगड्यातच ठेवा. जुन्या लग्नाची यादी, दुकानाची खतावणी, मोडीतली एखादी पावती रद्दीत घालू नका. आपल्या गावातल्या साळीगल्लीचे, मोमीनपुऱ्याचे नाव बदलण्याआधी ते का पडले, एवढे तरी टिपून ठेवा. ज्यांना आठवते अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत, आणि आपण विचारायचे आज-उद्यावर ढकलत राहतो.

हा शोध केवळ गतकाळासाठी नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात बियाण्यांची कंपनी काढली आणि गावाची नवी ओळख घडली. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यातही याच कंपनीचा वाटा होता. गावरान कापूस शेतातून मागे हटला. आज बियाणे इथले, कापूस इथला, जिनिंग इथले. पण अंगावरचे कापड बहुतेक बाहेरून येते. बोंडापासून कापडापर्यंतच्या वाटेत कमाई कुठे होते आणि ती कुणाच्या हाती पडते, हा दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात अजून उभाच आहे.

विणकराचे नाव गावाने निदान जपले. कातणारीचे नाव कुठल्याच पाटीवर नाही. ते मिळायचेच असेल तर आपल्या आजीच्या आठवणीत मिळेल. तिला विचारायला हा रविवार काही वाईट नाही.