मांजर घरी आणताना

शीव कोळीवाड्यात मासळी आली, की मांजरे आलीच. काहींना घर असते, काही पोरकी असतात. अशा पोरक्या मांजराला घरी आणावे, असे तुम्हाला वाटते ना? चांगले आहे. पण आधी हे वाचा.

तुम्ही म्हणाल, “मांजराला कसला आलाय दवाखाना?” अहो, मांजरही पिसाळते! म्हणून त्याला आधी लस टोचून घ्या. परळ इथून जवळच आहे. तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना आहे. १८७४ साली निघालेली संस्था तो चालवते. पोरक्या जनावरांना तिथे आसराही मिळतो.

मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखमेला हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. लगेच डॉक्टरकडे जा.

नवे मांजर बुजते. त्याला चार दिवस कोपऱ्यात राहू द्या. दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, ढाळ लागतात. पाणी ठेवा. मासळी उकडून, काटे काढून द्या.

मांजरी दोन महिन्यांत विते. मग लोक पिल्ले पोत्यात भरून लांब सोडतात. ती भुकेने मरतात. पाळलेले जनावर असे उपाशी टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यापेक्षा मांजरीचे ऑपरेशन करून घ्या. मग पिल्ले होतच नाहीत.

मांजर दहा-पंधरा वर्षे जगते. तेवढी वर्षे सांभाळणार असाल, तरच त्याला घरी आणा.