ट्रॅक्टर आणि नांगर यांचा सांधा

ट्रॅक्टर म्हटला म्हणजे शहरांत राहणाऱ्या माणसाचें लक्ष प्रथम त्याच्या इंजिनाकडे जातें. त्याला किती घोड्यांची शक्ति आहे, तो तासाला किती तेल पितो, दिवसाला किती एकर जमीन नांगरतो, हेच प्रश्न विचारले जातात. इंजिनाचें महत्त्व कोणी नाकारणार नाहीं. परंतु ट्रॅक्टरच्या इतिहासाकडे जरा बारकाईनें पाहिलें तर असें दिसून येतें कीं, शेतीचा कायापालट इंजिनानें जितका केला तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, इंजिन आणि नांगर यांना जोडणाऱ्या तीन लोखंडी दांड्यांनीं केला.

अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत जॉन फ्रोलिक यानें १८९२ सालीं पेट्रोलवर चालणारें व मागेंपुढें जाऊं शकणारें यंत्र तयार केलें. ट्रॅक्टरची वंशावळ सामान्यतः तेथून सांगतात. पहिलीं यंत्रें भलतींच अवजड होतीं. मोठ्या जमीनदारालाच तीं परवडत. लहान शेतकऱ्याच्या आटोक्यांत ट्रॅक्टर आणला तो मोटारीच्या हेन्री फोर्डनें. १९१७ सालीं त्याच्या कारखान्यांतून ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर बाहेर पडूं लागला. पहिल्या महायुद्धांत धान्याची चणचण भासूं लागल्यामुळें ब्रिटिश सरकारनें त्याची हजारोंनीं मागणी नोंदविली. १९२२ सालीं तर त्याची किंमत ३९५ डॉलरांपर्यंत उतरली. १९२८ सालीं अमेरिकेंतील उत्पादन थांबलें, तोंपर्यंत सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले होते.

इतका स्वस्त आणि इतका खपलेला हा ट्रॅक्टर माणसांचे बळी घेत असे. नांगर त्याच्या मागें आंकड्यानें अडकविलेला असे. बैल सोडून त्यांच्या जागीं यंत्र जुंपलें, इतकाच काय तो फरक. आतां फाळ जमिनींतल्या खडकाला अडला म्हणजे बैल थांबतो. इंजिनाला ती समज कोठून असणार? मागचीं चाकें अडलेलीं आणि इंजिनाचा जोर चालूच, अशा वेळीं तो जोर चाकांना फिरवूं न शकल्यामुळें ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आंसाभोंवतीं फिरवूं लागतो. पुढचीं चाकें उचललीं जातात, आणि पाहतां पाहतां सबंध यंत्र उलटून बसणाऱ्याच्या अंगावर कोसळतें. उडी मारण्यालाही सवड मिळत नाहीं. उपाय म्हणून पुढें फोर्डसनच्या मागच्या चाकांवरील पत्रे लांबवून ते जमिनीला टेकतील अशी योजना करण्यांत आली. परंतु ती केवळ वरवरची मलमपट्टी होती. रोग सांध्यांत होता.

हें ज्याच्या लक्षांत आलें तो गृहस्थ आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा, हॅरी फर्ग्युसन. जन्म १८८४ सालचा. शेतीच्या कष्टांचा त्याला मनस्वी कंटाळा. यंत्रांचें वेड मात्र विलक्षण. ३१ डिसेंबर १९०९ रोजीं त्यानें स्वतः बनविलेलें विमान उडविलें, आणि आयर्लंडमधील पहिलें विमानोड्डाण त्याच्या नांवावर जमा झालें. १९१७ सालीं युद्धाच्या धामधुमींत आयर्लंडच्या शेतकी खात्यानें ट्रॅक्टरांच्या देखरेखीचें काम त्याच्याकडे सोंपविलें. गांवोगांव हिंडून त्यानें शेंकडों यंत्रें चालतांना पाहिलीं, आणि नांगर हा ट्रॅक्टरनें ओढावयाचा पदार्थ नसून ट्रॅक्टरचाच एक अवयव असला पाहिजे, या निर्णयाला तो आला.

येथें आपल्याकडील बैलांच्या नांगराची आठवण करणें उपयोगाचें होईल. नांगऱ्याचा हात रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर असतो. जमीन कठीण लागून बैल कष्टी झाले कीं तो मूठ किंचित् सैल करतो, फाळ थोडा वर येतो. जमीन मऊ लागली कीं पुनः दाबतो. हें ज्ञान त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. तें त्याच्या तळहातांत असतें. यंत्राला असा तळहात देणें हेंच फर्ग्युसनचें काम होतें, आणि त्यांत त्याचीं वीस वर्षें गेलीं.

त्याच्या रचनेंत नांगर तीन दांड्यांनीं ट्रॅक्टरला जोडलेला असतो. दोन खालीं, एक वर. खालचे दोन दांडे नांगराला ओढतात. मातीचा विरोध फाळाला मागें रेटतो, त्यामुळें नांगर पुढच्या बाजूला कलूं पाहतो आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढें ढकलतो. या रेट्यानें पुढचीं चाकें उचलण्याऐवजीं जमिनीवर दाबलीं जातात. शिवाय नांगराचें वजन आणि त्यावरील मातीचा भार मागच्या चाकांवर पडून त्यांची पकड वाढते. सुमारें एक टन वजनाच्या यंत्रानें दोन फाळांचा नांगर सहज ओढावा, याचें रहस्य हें.

वरच्या दांड्याच्या टोंकाशीं एक स्प्रिंग असते. जमीन कठीण लागली कीं ती दाबली जाते व तिच्यामुळें एक झडप सरकते. तेलाच्या दाबानें उचलणारे दोन हात नांगर किंचित् वर घेतात. ताण कमी झाला कीं तो पुनः खालीं बसतो. आणि फाळ खडकाला एकदम आपटलाच, तर तेलाचा दाब निघून जातो, मागच्या चाकांवरील नांगराचा भार नाहींसा होतो आणि चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात. ट्रॅक्टर उलटत नाहीं. चालक खालीं उतरून दगड पाहतो, एवढेंच.

१९३३ सालीं फर्ग्युसननें काळ्या रंगाचा एक नमुना तयार केला. तो आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत आहे. १९३८ च्या ऑक्टोबरांत तो फोर्डला भेटला आणि दोघांनीं नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागदावर एक अक्षर नाहीं! पुढच्याच वर्षीं ५८५ डॉलर किंमतीचा नवा फोर्ड ट्रॅक्टर बाजारांत आला. पुढें फोर्डच्या नातवानें हा करार मोडून तीच रचना वापरणें चालू ठेवलें, तेव्हां फर्ग्युसन न्यायालयांत गेला. १९५२ सालीं ९२ लक्ष ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. सज्जनांचा शब्द आणि कंपन्यांचा व्यवहार यांतील अंतर या रकमेवरून मोजतां येईल. दरम्यान, १९४६ ते १९५६ या काळांत इंग्लंडमध्यें कॉव्हेंट्री येथें त्याचे स्वतःचे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून.

इतरांचे शोध कमी मोलाचे होते असें नाहीं. १९२४ सालच्या ‘फार्मॉल’नें उभ्या पिकाच्या ओळींतून चालणें शक्य केलें, आणि १९३२ सालीं ‘अ‍ॅलिस-चामर्स’नें रबरी टायर आणून लोखंडी चाकांचे हादरे संपविले. तीन दांड्यांचा सांधा मात्र पुढें सर्वच कारखानदारांनीं उचलला. भारतांत १९६० सालीं मद्रासेस निघालेल्या ‘टाफे’ कंपनीनें ‘मॅसी फर्ग्युसन’ ट्रॅक्टर बांधावयास घेतले, त्यांत तर हा सांधा मूळ घराण्यांतूनच आला. आज आपल्या कोणत्याही गांवीं ट्रॅक्टरच्या मागें नांगर अधांतरीं उचललेला दिसतो, तो याच दांड्यांवर.

मात्र या सांध्याचें संरक्षण नांगरापुरतेंच आहे. गाडी ओढावयाची म्हणजे जुनाच आंकडा, जुनीच ओढ. पश्चिम महाराष्ट्रांत उसाच्या हंगामांत दोन दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर पुढचीं चाकें उचलतांना पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याला पाहून बघे हंसतात, टाळ्याही पिटतात. फोर्डसनवर जो प्रसंग येई तोच हा. स्वीडननें १९५९ सालींच नव्या ट्रॅक्टरांवर, उलटल्यास चालक चिरडूं नये म्हणून, पोलादी चौकट बसविण्याची सक्ती केली. उसाच्या वाटेवरील बहुतेक चालकांच्या डोक्यावर मात्र उन्हासाठीं बांधलेलें छत असतें.