होम थिएटरचा रिसीव्हर बदलावा काय?

नवा फोर-के टीव्ही घरात आला, की दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर एकाएकी जुनाट वाटू लागतो. दुकानदाराचा सल्ला ठरलेलाच असतो. परंतु खर्चात पडण्यापूर्वी रिसीव्हर नेमका कोणत्या बाबतीत जुना झाला आहे, हे पाहणे इष्ट ठरेल.

या एकाच पेटीत दोन यंत्रे नांदत असतात. स्पीकरना शक्ती पुरविणारा अॅम्प्लिफायर हे पहिले. चित्र व ध्वनीचे संकेत घेऊन त्यांची उकल करणारे मंडल हे दुसरे. अॅम्प्लिफायर नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकतो. कालबाह्य होते ते दुसरे. एचडीएमआयच्या २०१३ मधील २.० या आवृत्तीची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट होती. २०१७ मधील २.१ आवृत्तीत ती ४८ गिगाबिटवर गेली. त्याहून जुन्या रिसीव्हरमधून फोर-के चित्र नेऊ पाहिले, तर ते अनेकदा अडते.

यावर साधा तोडगा आहे. प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीतून केवळ आवाज रिसीव्हरकडे आणावा. त्यासाठीची एआरसी ही सोय एचडीएमआयमध्ये २००९ पासून आहे. ती नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटलचा ५.१ ध्वनी मिळतो, ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रू-एचडी मात्र मिळत नाही. ज्यांच्याकडे ब्लू-रेचा संग्रहच नाही, त्यांनी या उणिवेची खंत का करावी? २.१ आवृत्तीचा खरा उपयोग सेकंदाला १२० चित्रचौकटींचे खेळ खेळणाऱ्यांना होतो. चित्रपट बहुधा २४ चौकटींचाच असतो.

राहता राहिला डॉल्बी अॅटमॉस. चित्रपटगृहांत तो २०१२ मध्ये आला, घरांत २०१४ मध्ये. त्याची गंमत डोक्यावरून येणाऱ्या आवाजात आहे, आणि त्यासाठी छतात स्पीकर बसवावे लागतात किंवा छतावर आवाज आपटविणारे स्पीकर ठेवावे लागतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये छताला भोके पाडू देणारा घरमालक विरळाच! जुनेच पाच स्पीकर ठेवून केवळ अॅटमॉसचा रिसीव्हर आणणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

वॅटच्या आकड्यांनीही भुलू नये. ८० ऐवजी १०० वॅट मिळाल्याने आवाजात जेमतेम एक डेसिबलचा फरक पडतो, आणि तो कानाला सहज जाणवत नाही. शिवाय छापील आकडा पुष्कळदा एक-दोनच चॅनेल चालू असतानाचा असतो. तेवढ्याच पैशांत बरा सबवूफर किंवा पुढचे दोन चांगले स्पीकर घेतले, गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी अंथरली, तर फरक घरातील सर्वांना कळेल.

रिसीव्हर वारंवार आपोआप बंद पडत असेल, एखादा चॅनेल मुका झाला असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापर्यंत जात असेल, तर मात्र बदलणेच शहाणपणाचे. तेव्हा ई-एआरसी आहे ना, हे आवर्जून पाहावे. जुन्याचा एचडीएमआय भागच तेवढा बिघडला असल्यास तो भंगारात देऊ नये. दोन स्पीकर जोडून तो दुसऱ्या खोलीत गाणी ऐकण्यासाठी उत्तम चालतो.