ओहोळाचे आरोग्य शेताच्या बांधावर

भिवंडी तालुक्यातील अकलोली ओळखले जाते ते तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे. याच नदीवर वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात १८९२मध्ये बांधलेल्या धरणाचे पाणी मुंबईला जाते. धरणाखालच्या गावांच्या वाट्याला येते ती उरलेली नदी आणि तिला मिळणारे ओहोळ. त्यांच्या काठची जमीन बहुतेक खासगी मालकीची. त्यामुळे ओहोळात काय उतरते, हे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती असते.

भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला, की त्यातील काही नत्र हवेत उडते आणि काही जोरदार पावसात बांधावरून वाहून जाते. जमिनीत मुरलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून हा धोका टळत नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते.

उपाय मात्र खर्चिक नाहीत. चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खत मुळांजवळ राहते, वाहून जात नाही आणि कमीही लागते. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडला, तर रासायनिक खताची गरज आणखी घटते.

ओहोळाच्या कडेचा काही फूट पट्टा न नांगरता सोडावा. तिथे वाळा, बांबू, करंज लावल्यास मुळे काठ धरून ठेवतात आणि वाहून येणारी माती गवतात अडकते. उकिरडा ओहोळापासून दूर, उंचवट्यावर असावा. गुरांना पाणी ओहोळात न उतरवता हौदावर पाजावे. फवारणीचा पंप वाहत्या पाण्यात धुऊ नये, औषधाच्या रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत.

विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे. जलजीवन मिशनअंतर्गत पाणी तपासणीचे संच गावपातळीवर दिले जातात. त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारणा करावी. घरात तान्हे मूल असेल, तर नायट्रेटची तपासणी आधी करावी.