समुद्रपक्ष्याची नोंद तपासताना

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, माजलगावला सिंदफणेवरचे धरण आहे, आणि या पाण्यावर नदी सुरय घिरट्या घालताना दिसतो. सुरयाचे आमचे ज्ञान इतकेच. अशा ठिकाणी बसून उष्ण कटिबंधातल्या एका समुद्रपक्ष्याची कोशनोंद तपासायची, तर अनुभव कामी येत नाही. प्रत्येक वाक्याला ‘हे कशावरून?’ असे विचारावे लागते. या कामात ती उणीव नसून सोयच आहे.

पक्षी आहे ‘सूटी टर्न’, म्हणजे काजळीच्या रंगाचा सुरय. पाठ काळीभोर, पोट पांढरे, शेपूट दुभंगलेली, पंखांचा विस्तार नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. लिनिअसने 1766 मध्ये त्याचे वर्णन केले. जुन्या भारतीय ग्रंथांत तो ‘स्टर्ना फस्काटा’ या नावाने येतो. 2005 मध्ये जनुकीय अभ्यासानंतर त्याची प्रजाती बदलून ‘ऑनिकोप्रिऑन’ झाली. म्हणून पहिली दुरुस्ती नावाची. दोन्ही नावे नोंदीत हवीत. नाहीतर जुना ग्रंथ वाचणारा आणि नवी यादी पाहणारा यांना दोन वेगळे पक्षी असल्याचा भास होतो.

दुसरी दुरुस्ती ओळखीची. याचा जवळचा भाऊबंद ‘ब्राइडल्ड टर्न’. त्याची पाठ करडी-तपकिरी असते आणि कपाळाचा पांढरा पट्टा भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. काजळी सुरयाचा पट्टा डोळ्यापाशीच थांबतो. हा फरक बारीक वाटेल, पण महाराष्ट्रापुरता तो महत्त्वाचा आहे. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर वीण होते ती ब्राइडल्ड टर्नची. तिथल्या सुरयांवर हुमायून अब्दुलअली यांनी 1942 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले आहे. काजळी सुरयाच्या विणीसाठी लक्षद्वीपकडे पाहावे लागते. कवरत्तीच्या वायव्येला पिट्टी नावाचे वाळूचे चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वा हेक्टर, झाड एकही नाही, तरी तिथे हे पक्षी अंडी घालतात. नोंदीत नुसते ‘भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर वीण’ असे लिहिले, तर वेंगुर्ले आणि पिट्टी यांची सरमिसळ होते.

तिसरी दुरुस्ती ‘दरवर्षी’ या शब्दाची. पक्षी वर्षातून एकदा विणतात हे आपण गृहीत धरतो. अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावर मात्र हे सुरय साधारण 9.6 महिन्यांनी परततात. जेम्स चॅपिन यांनी 1954 मध्ये या विचित्र पंचांगावर लेख लिहिला. म्हणून ‘दरवर्षी वीण’ हे विधान सरसकट करता येत नाही. कुठल्या बेटावर, हे सांगावे लागते. अंडे मात्र बहुधा एकच असते.

आता सर्वांत लोकप्रिय वाक्य: ‘हा पक्षी वर्षानुवर्षे न थांबता उडतो, पाण्यावर कधीच बसत नाही.’ वाचताना अंगावर काटा येतो, आणि असेच वाक्य आधी तपासावे. त्यामागे आधार आहे. पिल्ले घरटे सोडून गेली की काही वर्षे जमिनीवर दिसत नाहीत, आणि पिसे बदकासारखी पाणी झटकणारी नसल्याने फार वेळ तरंगणे त्यांना परवडत नाही. यावरून ‘ते सतत उडतच असणार’ असा निष्कर्ष निघाला. म्हणजे तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, अनुमानाचा होता. पुढे सेशेल्समधल्या पक्ष्यांच्या पायांना चिमुकली नोंदयंत्रे बांधली गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विणीबाहेरच्या काळात या पक्ष्यांचा चार टक्क्यांहून थोडा कमी वेळ पाण्याच्या संपर्कात गेल्याचे दिसले. म्हणजे अधूनमधून ते पाण्यावर टेकत असावेत. तेव्हा ‘कधीच नाही’ खोडून ‘बहुतेक सारा काळ हवेत’ असे लिहायचे. आश्चर्य थोडे कमी होते, पण जे उरते ते खरे असते.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, असे कुणी विचारील. पावसाळी वादळांत हे पक्षी भरकटतात आणि थकून कोकणात, मुंबईत, कधी किनाऱ्यापासून बरेच आतही कोसळतात. असा पक्षी अंगणात सापडला की माणूस मोबाइलवर नोंद उघडतो. तिथे ‘समुद्रपक्षी’ एवढेच असेल, तर भाबडेपणाने तो त्याला हौदात किंवा तळ्यात सोडण्याची शक्यता मोठी. थकलेला, पिसे भिजलेला पक्षी तिथे बुडेल. नोंदीत पिसांबद्दलचे एक वाक्य नीट असेल, तर तोच माणूस त्याला हवेशीर खोक्यात, कोरड्या आणि शांत जागी ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवील.

मराठीला कोशांची परंपरा मोठी आहे. केतकरांचा ज्ञानकोश 1920च्या दशकात पूर्ण झाला, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. छापील खंडातली चूक पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसे. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ती आज रात्रीही दुरुस्त होऊ शकते, मात्र तितक्याच सहज नवी चूकही शिरते. म्हणून तिथे स्वतःचे मत चालत नाही. प्रत्येक विधानाला पडताळता येईल असा आधार लागतो.

हे काम करायला समुद्रकाठी राहावे लागत नाही. गेवराईच्या किंवा माजलगावच्या वाचकाने ‘आमच्या नदी सुरयापेक्षा हा वेगळा कसा?’ एवढे विचारले, तरी नोंदीतली अर्धी पोकळ वाक्ये उघडी पडतात. नदी सुरय वाळूच्या पट्ट्यावर घरटे करतो आणि त्याच नदीवर मासे धरतो. काजळी सुरय खोल समुद्रावर, बहुधा ट्यूना माशांच्या थव्यांवर नजर ठेवून जगतो, कारण ट्यूनाने वर हाकललेले लहान मासे त्याच्या चोचीत पडतात. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याला हे समजावता आले, तर नोंद सुधारली असे म्हणायला हरकत नाही.